तीस सप्टेंबरचा पट

दरवर्षी ३० सप्टेंबरला आमची शाळा गच्च भरलेली असते. त्या दिवसाच्या पटावरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळायचे ते ठरतं. त्यामुळे आदल्या आठवड्यात आम्हीही वस्तीवर चकरा मारून मुलं गोळा करतो. पट खरा असतो. नावं खोटी नसतात, मुलंही खोटी नसतात. फक्त महिना-दीड महिन्यानं त्यातली निम्मीअधिक मुलं बारडोली-सुरतेच्या बाजूला उसाच्या फडावर असतात आणि कागदावर मात्र वर्षभर ३० सप्टेंबरच चालू राहतो.

शाळा जिल्हा परिषदेची, पुरुषोत्तमनगर परिसरातली. नाव सांगत नाही, कारण आजूबाजूच्या कुठल्याही शाळेत जा, थोड्याफार फरकानं हेच दिसेल. पुरुषोत्तमनगर हे शहादा तालुक्यातलं कारखान्याचं ठिकाण. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकारातून सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना इथे उभा राहिला आणि त्याच्याभोवती कर्मचाऱ्यांच्या खोल्या, हॉटेलं, गॅरेजं, खताची दुकानं असं ना धड गाव ना धड शहर तयार झालं. जमीन काळी, तापी आणि गोमाईच्या खोऱ्यातली. ऊस, केळी, पपई, कापूस, काय वाट्टेल ते पिकतं. उत्तरेला सातपुडा दिसतो. जमीन बहुतेक गुजर-पाटलांची, आणि त्या जमिनीवर राबणारे हात भिल्लांचे, पावरांचे. हे वाक्य मी १९७० साली लिहिलं असतं तरी चाललं असतं.

१९७० हे साल उगाच घेतलं नाही. शहाद्याचं नाव एकेकाळी महाराष्ट्रभर गेलं ते सालदारांच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यांच्या लढ्यामुळे. १९७१ साली पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला, पुढच्या वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. भिल्लांमधून आलेले अंबरसिंग सुरतवंती गावोगाव फिरले. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. सालदाराची मजुरी, हातची गेलेली जमीन, बाईमाणसाची अब्रू, सगळ्यावर मोर्चे निघाले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४चा कायदा याच काळातला. माझ्या शाळेतल्या काही मुलांचे आजे त्या मोर्चांत होते. त्यांच्याकडून ऐकायला बसलं की मजुरीचं ऐकू येतं, जमिनीचं ऐकू येतं. शाळेचा विषय फारसा निघत नाही. शाळा त्या वेळी कुणाच्या मागणीत ठळक नव्हती, कारण शाळा नावाची गोष्ट आपल्याकडून कुणी काढून घेतली आहे असं वाटायला ती आधी आपली असावी लागते.

मी इथे २००१च्या पावसाळ्यात शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. महिन्याला तीन हजार मानधन. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा होऊन तीन वर्षं झाली होती आणि नव्या जिल्ह्यात जागा होत्या. मी साक्रीकडचा, घरची बोली अहिराणी. मला वाटलं, खान्देशातच तर आहोत, भाषेची अडचण कसली? पहिल्या दिवशी वर्गात गुजरी ऐकली, अहिराणी ऐकली, भिलोरी ऐकली, आणि डोंगरातून खाली आलेल्या दोन भावंडांची पावरी. पुस्तकातली मराठी यांपैकी कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती, माझ्याही नाही. पण पुस्तकातल्या मराठीपासून कोण किती लांब, यात फरक होता. गुजरांच्या मुलाकडे टीव्ही होता, मोठा भाऊ शहाद्याला कॉलेजात होता. भिल्लाच्या मुलाला मराठी भेटायची ती मालकाच्या तोंडून, हुकमाच्या रूपात.

त्या वेळचा वर्ग सांगायला हवा, कारण त्याबद्दल हळवं होऊन बोलण्याची आता पद्धत पडली आहे. ‘पूर्वी सगळी एकत्र शिकायची हो,’ असं शहाद्यात चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकायला मिळतं. एकत्र शिकायची हे खरं. कारखान्यातल्या कारकुनाचा मुलगा, दहा-पंधरा एकरवाल्या शेतकऱ्याची मुलगी आणि त्याच शेतावरच्या सालदाराचा पोरगा एकाच खोलीत बसायचे. पण कसे बसायचे? पुढच्या दोन रांगा ठरलेल्या. भिल्लांची मुलं दाराशी. मी जागा बदलल्या की दुसऱ्या दिवशी आपोआप पूर्ववत. कुणी सांगायचं नाही, मुलं स्वतःच उठून मागे जायची. मालकाच्या पोरापेक्षा जास्त गुण मिळाले तर सालदाराचा पोरगा घरी सांगायचा नाही. खिचडीच्या रांगेतही कोण आधी ते ठरलेलं असे. ग्रामशिक्षण समितीच्या बैठकीला आदिवासी सदस्य येत, सही करत आणि जात. बोलण्याचं काम बाकीच्यांचं होतं.

तरी एक गोष्ट तेव्हा होती. छत गळलं की दोन दिवसांत कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन येई, पत्रे येत, गवंडी येई. शिक्षक रजेवर गेला की तिसऱ्या दिवशी पंचायत समितीत फोन जाई. तो फोन सालदाराच्या पोरासाठी केलेला नसे. पण शिक्षक दोघांचाही होता, छत दोघांवरही होतं. मालकाचं पोर जिथे बसतं त्या छताची काळजी घेतली जाते, एवढा साधा हिशेब होता तो.

मधली काही वर्षं मी वर डोंगरात, धडगावच्या बाजूला काढली. बदलीनं परत आलो तेव्हा वर्गातल्या पुढच्या दोन रांगाच नव्हत्या.

काय झालं होतं ते कुणाला विचारावं लागलं नाही. सकाळी रस्त्यावर उभं राहिलं की पिवळ्या बसगाड्या दिसत. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा २०१२ साली आला आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढणं सोपं झालं. आधी मोठ्या शेतकऱ्यांची मुलं गेली. मग कारखान्यातल्या नोकरदारांची. मग दुकानदारांची, मग ज्यांच्याकडे दोन म्हशी आहेत त्यांचीही. त्यानंतर गेली ती आदिवासींमधल्या नोकरदारांची मुलं: कंडक्टर, शिपाई, आरोग्यसेविका, शिक्षक. आदिवासी विकास विभागाची नामांकित शाळांची योजना आली, तिच्यात सरकारच फी भरून मुलांना लांबच्या शहरांतल्या निवासी इंग्रजी शाळांत पाठवतं. त्यातून आणखी काही गेली. योजना वाईट नाही. पण तिच्यासाठी लागणारे कागद जमवता येणाऱ्या घरातलीच मुलं तिच्यात शिरतात, आणि आमच्या वर्गातून नेमकी तीच उठतात.

माझा मुलगाही शहाद्याच्या शाळेत गेला. आमच्या स्टाफपैकी कुणाचंही मूल आमच्या शाळेत कधी नव्हतं. २०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयानं आदेश दिला होता की सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुलं सरकारी शाळेत घालावीत. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर दोन दिवस चर्चा झाली, हसणं झालं. तो आदेश उत्तर प्रदेशात अमलात आला नाही, येणारही नव्हता. पण न्यायाधीशांना जे कळलं होतं ते कुठलाही पालक सांगेल. बाप म्हणून माझा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. अडचण हीच आहे की प्रत्येक बापाचा निर्णय बरोबर आहे, आणि त्या सगळ्या बरोबर निर्णयांची बेरीज म्हणजे आमची शाळा.

अमेरिकेतल्या शहरी शाळांबद्दल मी वाचलं तेव्हा ओळखीचं वाटलं ते यामुळेच. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पुढच्या वीस वर्षांत कितीतरी गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरात राहायला गेली. शाळेचा खर्च बराचसा स्थानिक घरपट्टीतून, त्यामुळे पैसाही त्यांच्यासोबत गेला. डेट्रॉइटमध्ये खालच्या न्यायालयानं भोवतालच्या ५३ उपनगरी शाळा-विभागांनाही शहरासोबत एकत्रीकरणाच्या योजनेत घेतलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १९७४ साली ते रद्द केलं. भेदभाव उपनगरांनी केलेला नाही, मग त्यांना का गुंतवायचं, असा तो निकाल. शहाद्यात कुणी घर बदललं नाही. त्याच आळीत, त्याच रस्त्यावर सगळे राहतात. सकाळी सातला मुलं तेवढी वेगवेगळ्या दिशांना जातात. आमच्याकडे घरपट्टीचाही प्रश्न नाही. शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, पुस्तकं फुकट, खिचडी फुकट. पैसा तिथल्यासारखा गेला नाही. गेला तो पंचायत समितीत फोन करणारा माणूस.

आता माझ्या वर्गात कुणी मागे बसत नाही. सगळीच भिल्ल, पावरा, एखाद-दुसरं मध्य प्रदेशातून खेतिया-पानसेमलकडून मजुरीला आलेल्या बारेल्यांचं पोर. खिचडीच्या रांगेत जो आधी पोचतो तो आधी. मुली मोठ्यानं हसतात. मी भिलोरी तोडकीमोडकी शिकलो आहे, तिच्यात चुका केल्या की वर्ग खूश. शिकवायला इतका मोकळा वर्ग मला २००१ साली मिळाला नव्हता. आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चौथीच्या खोलीत बादल्या ठेवाव्या लागतात.

कायद्यानं समतेसाठी काही केलेलं नाही असं नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे आणि खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी आहेत. आदिवासी मुलाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. मग आमची मुलं त्या पिवळ्या बसमध्ये का नाहीत? कारण अर्ज ऑनलाइन भरायचे असतात आणि ते बहुतेकदा जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान सुटतात. त्या वेळी आई-बाप गुजरातेत फडावर असतात. ज्या फोनवर ओटीपी येतो तो फोन बापाच्या खिशात, बाप पाचटात. सोडतीत नाव लागलंच तर कागद तपासायला ठरलेल्या दिवसांत हजर राहायचं. आगाऊ दिलेली उचल फिटल्याशिवाय मुकादम कुणाला सोडत नाही. शिवाय फी माफ असली तरी बसभाडं, बूट, सहलीचे पैसे आहेतच. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट दिली. त्या वर्षीच्या जुलैत उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला, ते चांगलंच झालं. पण आमच्या वस्तीवर बदल आल्याचंही कुणाला कळलं नव्हतं आणि गेल्याचंही.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत ते दाखवायचं, शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात हे चालूही शकतं. आमची मुलं राज्याच्या हद्दीपलीकडे जातात. तिसरीतली एक मुलगी होळीला परतली, तिला मी फळ्यावर शब्द लिहायला सांगितले. तिनं लिहिले, सगळे बरोबर, पण एकावरही रेघ नव्हती. ती तिकडे काही आठवडे गुजराती शाळेत बसली होती आणि गुजरातीत शिरोरेघा नसते. दोन लिप्या अर्ध्या-अर्ध्या शिकलेलं ते पोर. प्रगत चाचणीच्या कागदावर दोन्हीकडे नापास ठरलं असतं. मी तिला शाबासकी दिली आणि रेघ ओढायला लावली. वयानं नऊ वर्षांची. फडावर तिचं काम धाकट्या भावाला सांभाळायचं आणि वाढ्यांच्या पेंढ्या बांधायचं.

इथे आणखी एक गोष्ट आहे जी मला बरीच वर्षं कळत नव्हती. पुरुषोत्तमनगरला कारखाना आहे, भोवती ऊस आहे, मग इथला मजूर दीडशे-दोनशे किलोमीटर लांब बारडोलीला का जातो? आणि इथल्या फडावर बाहेरच्या टोळ्या का येतात? याचं उत्तर मला यान ब्रेमन या डच अभ्यासकाच्या लेखनात सापडलं. बारडोलीच्या साखर कारखान्यांवर त्यांनी सत्तरच्या दशकात काम केलं आहे. तिथे गावातच हळपती मजूर मोकळे बसलेले असताना कारखाने खान्देशातून माणसं आणत, कारण बाहेरून आणलेला माणूस उचलीनं बांधलेला असतो, रात्री-अपरात्री हाक मारली की उठतो, आजारपणाला, लग्नाला घरी जात नाही, संघटना करत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्याला मूल असतं हे हिशेबात धरायचं कारण नसतं. बीड-जालन्याच्या ऊसतोड कामगारांकडे निदान राज्याचं लक्ष आहे, त्यांच्या नावानं कल्याण महामंडळ आहे. आमचा कोयता गुजरातेत पडतो. तिकडे तो परराज्यातला, इकडे तो हंगामभर गैरहजर.

या गैरहजेरीचा हिशेब शेवटी शाळेवरच निघतो. आधार जुळलेल्या मुलांचाच पट धरायचा असं संचमान्यतेत ठरलं, तेव्हा फडावर जन्मलेल्या, जन्मदाखला नसलेल्या मुलांची नावं आमच्या हजेरीत होती आणि पटात नव्हती. मूल समोर बसलेलं, खिचडी खाणारं, पाढे म्हणणारं. शिक्षक मात्र त्याच्या वाट्याचा नाही. कमी पटाच्या शाळा मिटवून समूह शाळा काढायचं राज्यानं २०२३मध्ये मनावर घेतलं, तेव्हा उदाहरण म्हणून आमच्याच जिल्ह्यातलं तोरणमाळ पुढे केलं गेलं. एखाद्या डोंगरी भागात निवासी शाळा सोयीची होतही असेल. पण पट कमी का होतो हे विचारल्याशिवाय पट कमी म्हणून शाळा मिटवणं, हा मला सरळ सरळ मालकाचा हिशेब वाटतो. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर आणि नंदुरबारची ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी होती. जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के माणसं आदिवासी आहेत. हे दोन आकडे प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या स्लाइडवर असतात. दुसऱ्या स्लाइडवर पालकांची उदासीनता.

उदासीनतेबद्दल सांगतो. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, सदस्यांत निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांतूनच. पाटील मंडळींची मुलं गेल्यावर समितीत आपोआप आदिवासी पालकच उरले. पहिली काही वर्षं ते जुन्या सवयीनं येऊन सही करत. सध्याच्या अध्यक्ष मात्र वेगळ्या आहेत. बाई स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या, नवऱ्यासोबत कितीतरी हंगाम बारडोलीला काढलेले. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला सर. गेल्या वर्षी एप्रिलच्या बैठकीत मी नेहमीचं बोलत होतो: मुलांना सोबत नेऊ नका, हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आजी-आजोबांकडे ठेवा, शाळेत दोन वेळ जेवण मिळेल.

‘केव्हा मिळेल?’ ताईंनी विचारलं.

‘मंजुरी आली की.’

‘मंजुरी केव्हा येते सर?’

‘मागच्या वेळी डिसेंबरात आली.’

‘आणि गाडी केव्हा येते?’

मी काही बोललो नाही. फडावर नेणारी गाडी दिवाळीच्या आगेमागे येते हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनी मग बाकीच्या बायकांना भिलोरीत समजावलं. त्यातलं सगळं मला कळलं नाही, पण एक म्हातारी जोरात काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. ते माझ्यावर नसावं, अशी माझी समजूत आहे. शेवटी ताई म्हणाल्या, ‘लिहा सर. दसऱ्याच्या आधी जेवण चालू झालं तर पोरं ठेवू. डिसेंबरात चालू झालं तर पोरं तिकडेच जेवतील. आणि पंचवीस टक्क्यांचा अर्ज जूनला का भरत नाहीत, तेही लिहा.’

‘ते राज्यावर ठरतं ताई.’

‘मग राज्याला लिहा.’

ठराव मी माझ्या अक्षरात लिहिला, भाषा त्यांची ठेवली. सरकारी मराठीत तो बसवायला गेलो असतो तर त्यातलं ‘पोरं तिकडेच जेवतील’ हे वाक्य उडालं असतं. खाली सह्या आणि अंगठे घेतले. वरच्या कार्यालयातून उत्तर आलं की प्रस्ताव विहित नमुन्यात नाही. यंदा विहित नमुना मागवून घेतला आहे, त्यात ठराव जसाच्या तसा जोडला आहे, आणि कागद जुलैतच गेला आहे. ताईंनी त्याची पोच स्वतःकडे ठेवून घेतली. दर सोमवारी बाजाराला शहाद्याला जातात तेव्हा त्या पंचायत समितीत डोकावून येतात. परवा तिथून एका कारकुनाचा मला फोन आला, ‘सर, त्या बाईंना जरा समजवा ना, दर आठवड्याला येतात.’ मी म्हटलं, त्या आमच्या अध्यक्ष आहेत, मी त्यांना काय समजावणार.